सरांच्या खात्यात राहिलेली आई

आमच्या डिपार्टमेंटात एक रीत होती, अजूनही आहे. गाईडचा मेल विद्यार्थ्यानं सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे पासवर्डसकट. सरांना आलेली पत्रं उघडायची, त्यातलं कामाचं काय ते फोन करून सांगायचं, चर्चासत्रांचे फॉर्म भरायचे, पोर्टलवर कागद चढवायचे, आणि वेळ पडली तर सरांच्या जावयाचं रेल्वेचं तिकीटही काढायचं. सर स्वतः संगणकाला हात लावत नसत. ‘आमची पिढी पेनाची,’ असं मोठ्या कौतुकानं सांगायचे. ज्याच्याकडे सरांचा मेल, तो सरांचा खास, असं सगळे धरून चालत. बरीच वर्षं तो मेल माझ्याकडे होता आणि मला त्याचा गर्व वाटायचा. कर्म माझं!

माझा विषय गायरान. गायरान म्हणजे गावची गुरं चरायला सोडलेली सरकारी जमीन. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात अशा जमिनीचा एक तुकडा आजोबांनी दगडं वेचून वहितीखाली आणला, नंतर आईबापांनी केला, आता भाऊ करतो. बौद्धवाड्यातल्या बहुतेक घरांचं हेच. पिढ्या गेल्या, पण सातबाऱ्यावर नाव काही चढलं नाही. दर काही वर्षांनी नोटीस येते, मोजणीवाले येतात, मेंढरंवाल्यांशी आमची भांडणं लागतात आणि पेपरात चौकोनभर बातमी येते. ही बातमी दुसऱ्या दिवशी कुणाला सापडत नाही. तालुक्याच्या पानावरची ती, तिला कोण जपून ठेवणार? मला त्या बातम्यांवरच पीएचडी करायची होती. सकाळी हर्सूलहून निघायचं, एसटीनं गंगापूरच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला जायचं, आणि जाता-येता मोबाइलवर बातम्या शोधायच्या, असा माझा अभ्यास चालायचा.

सुरुवातीला मी सापडलेली प्रत्येक लिंक स्वतःच्याच नंबरवर मेसेज करून ठेवायची. महिन्याभरानं उघडावं तर ‘हे पान अस्तित्वात नाही.’ ई-पेपरवाले जुनं काढून टाकतात, पोर्टलं बंद पडतात. रडकुंडीला यायची वेळ. मग एका कार्यशाळेत एक ऑनलाइन साधन कळलं. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक बटण बसतं. ते दाबलं की समोरचं पान जसंच्या तसं, फोटोसकट, आपल्या संग्रहात येऊन बसतं. मूळ पान उडालं तरी आपली प्रत राहते. त्यावर पिवळा, हिरवा रंग मारता येतो, बाजूला समासात टीप लिहिता येते, तालुक्याप्रमाणं, वर्षाप्रमाणं खूण लावता येते. ‘नोटीस’ म्हणून शोधलं की सगळ्या नोटिसांच्या बातम्या एका ओळीत हजर. मी तर हरखूनच गेले. एवढं नीटनेटकं आमच्या घरात कधीच काही नव्हतं, मसाल्याचा डबा सोडला तर.

आता खातं काढायचं तर कुणाच्या मेलवर? माझ्या साध्या मेलवर जागा थोडी मिळत होती, विद्यापीठाच्या मेलवर भरपूर. विद्यार्थ्यांना तो मेल नव्हता, सरांना होता, आणि तो माझ्याच हातात होता. शिवाय आमच्या सीनियर ताईनं बजावलं, “आधी सरांचं नाव, मग आपलं. पेपरात तसं, खात्यातही तसंच. उद्या सरांना कळलं की पोरीनं सगळं स्वतःच्या नावावर ठेवलंय, तर?” मलाही ते पटलं. आम्ही लेख लिहायचो तेव्हा पहिलं नाव सरांचं टाकायचो, सरांनी तो वाचलेला नसला तरी. घरात पहिली भाकर थोरल्यांना, तसंच हे. मी सरांच्या मेलवर खातं काढलं. मालक: सर. सदस्य: मी. सरांना सांगितलं तर म्हणाले, “छान, छान. करत राहा.” ते काय आहे, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

त्याच सुमाराला आई माझ्याकडे राहायला आली. गुडघे गेले होते, गावाकडं उठबस होईना. तिला वाचता येत नव्हतं. दुपारी ती दारात बसून मेथी निवडायची आणि मी समोर लॅपटॉप घेऊन तिला बातम्या वाचून दाखवायची. खरं तर मला बातमी तपासायची असायची. नावंगावं बरोबर आहेत का, ते तिला विचारायचं असायचं. पण ती बाई नुसतं ऐकून गप्प बसणाऱ्यातली नव्हतीच. एकदा वाचताना ‘अतिक्रमणधारक’ हा शब्द आला.

“आतिक्रमण म्हंजी काय गं?”

“दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसणं.”

“मग ह्या जमिनीचा दुसरा कोण हाय ते दाखव म्हणावं, मी आत्ता उठते.”

मी हसले आणि ते वाक्य तसंच्या तसं बातमीच्या समासात टाइप केलं. त्याच्या आधी लिहिलं, ‘आई’. तिथून ती सवयच लागली. बातमी वाचायची आणि आई काय म्हणाली ते बाजूला टाकायचं. सगळंच काही शहाणपणाचं नसायचं. फोटोतल्या साहेबाचं पोट बघून ती म्हणायची, “ह्याला आधी मोजा.” एका सरपंचाला ओळखलं, तर त्याच्या सासूनं लग्नात काय तमाशा केला ते सगळं सांगितलं. कधी चुकीचंही ठोकून द्यायची, आणि चूक दाखवली की म्हणायची, “व्हय, तूच लई शिकलेली.” ‘मेथी कडू निघाली’ हेसुद्धा एका मोर्चाच्या बातमीच्या बाजूला लिहिलेलं होतं, कारण त्या दुपारी ती तेवढंच बोलली होती. रेकॉर्डिंग करून बघितलं होतं मी. पण मोबाइल समोर धरला की ती पदर सावरायची आणि रेडिओवर भाषण केल्यासारखं बोलायची. तो आवाज तिचा नव्हताच. टाइप केलेला तिचा होता.

मग आई गेली. कावीळ साधीच वाटली होती. घाटी दवाखान्यात नेईपर्यंत पोट पाण्यानं भरलेलं होतं. त्यावर मला इथं जास्त लिहायचं नाही. दिवसकार्य झाल्यावर परत आले, संग्रह उघडला आणि नुसत्या समासातल्या टिपा वाचत बसले. बातम्या नाही वाचल्या. ‘आई’ असं शोधायचं, की सगळी आई एका ओळीत यायची. घरात तिचं लुगडं होतं, काठी होती, पण ती बोलत होती फक्त तिथं. पीएचडी झाली नसती तरी चाललं असतं मला. ते समास राहायला पाहिजे होते.

दिवाळीनंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बाजूला एक जण बसला होता. आमचाच, सरांचाच विद्यार्थी, पण डिपार्टमेंटात क्वचित दिसणारा. त्याच्या काकांची शिक्षणसंस्था. नोंदणी माझ्या आधीची, काम शून्य. आम्ही त्याला मागं ‘संस्थेवाला’ म्हणायचो. सर म्हणाले, “अगं, तुझ्यावर आधीच खूप ओझं पडलंय. आई गेली, कॉलेज आहे. मेलचं काम आता हा बघेल. पासवर्ड देऊन टाक.” एवढ्या मायेनं म्हणाले की माझे डोळे भरून आले. मी पासवर्ड दिला. वर त्याला समजावूनसुद्धा सांगितलं, की या खात्यात माझा संग्रह आहे, त्याला हात लावू नको. तो म्हणाला, “ताई, टेन्शनच घेऊ नका.”

आठवडाभरानं एसटीत बसून संग्रह उघडला. ‘तुम्हाला या संग्रहात प्रवेश नाही.’ मला वाटलं रेंज गेली. उतरून कॉलेजच्या वायफायवर बघितलं. तेच. सरांच्या मेलचा पासवर्डही बदललेला. त्याला फोन लावला.

“अहो ताई, पसारा लई झाला होता. मी थोडी साफसफाई केली. कामाचं आहे ते ठेवलंय.”

“कामाचं म्हणजे? आणि मला बाहेर का काढलंस?”

“ते आपोआप झालं असेल. ग्रुप नवीन बनवला ना. टाकतो तुम्हाला.”

“आजच टाक.”

“टाकतो की. बिझी होतो जरा.”

आज टाकतो, उद्या टाकतो करत महिना गेला. मग मी सरांकडे गेले. सर चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. आईच्या टिपांचंही सांगितलं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सर शांतपणे म्हणाले, “अगं, सगळं डिपार्टमेंटचंच आहे ना? त्यात तुझं-माझं काय करतेस? त्याचाही विषय ग्रामीण जमिनीचाच आहे. दोघं मिळून वापरा.”

“सर, मला आत जाताच येत नाही, तर वापरू काय?”

“मी सांगतो त्याला. आणि हे बघ, एवढं भावनिक होऊन संशोधन होत नसतं.”

भावनिक! पाच पोरांची प्रबंधाची प्रकरणं दुरुस्त केली या बाईनं, सरांच्या नावानं लेख लिहिले, तेव्हा ती भावनिक नव्हती. आईचं नाव काढलं की भावनिक. तेव्हाच त्या टेबलावरचा कप उचलून आपटायला हवा होता. नाही आपटला. माझ्या सहामाही अहवालावर त्यांची सही लागत होती, गाईड बदलायचा तर त्यांचंच ना-हरकत लागत होतं. ‘हो सर’ म्हणून बाहेर आले.

सरांनी सांगितलं असावं, कारण त्यानं मला एक फाइल पाठवली. ‘ताई, हा घ्या तुमचा डेटा.’ उघडली तर नुसत्या लिंका. जतन केलेली पानं नाहीत, रंग नाहीत, टिपा नाहीत. एकेक लिंक दाबत गेले, निम्म्याहून जास्त मेलेल्या. पाडलेल्या घरांचे पत्ते हातात द्यावेत, तशी ती फाइल. मग मी त्या साधनाच्या कंपनीला मेल केला. मोडक्या इंग्रजीत सगळी कहाणी लिहिली. उत्तर आलं, फार नम्र. तुमच्या अडचणीबद्दल वाईट वाटतं, मात्र संग्रहाबाबतची विनंती खात्याच्या मालकाकडूनच यायला हवी. मालक! तो शब्द मीच माझ्या बोटांनी भरला होता, तोही मान म्हणून. या दुनियेत असा मान देणारे आमच्याशिवाय दुसरे कोणी नसतील.

मी पुन्हा सुरुवात केली. यावेळी खातं माझ्या मेलवर काढलं. पेपरांच्या कचेऱ्यांत जाऊन जुने गठ्ठे उपसले, धुळीनं खोकला धरला, पानांचे फोटो काढून चढवले. बातम्या बऱ्याच मिळाल्या. त्यांच्या बाजूला समास मात्र कोरे. काही वाक्यं आठवत होती, ती लिहिली. पण आठवून लिहिलेली आई माझ्यासारखी बोलायला लागली, हे माझ्याच लक्षात आलं आणि मी ते बंद केलं.

तोवर संस्थेवाल्याचा प्रबंध सादरही झाला. ज्यानं कधी गायरानात पाय ठेवला नाही, त्याचा विषय फिरून फिरून गायरानावरच येऊन बसला होता. त्याची मौखिक परीक्षा डिपार्टमेंटच्या हॉलमध्ये होती. ती खुली असते, कुणीही बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. मी मागच्या रांगेत बसले. पुढं त्याचे काका, संस्थेतले प्राध्यापक, फेटे, हार, पेढ्यांचे बॉक्स. तो पडद्यावर एकेक पान दाखवत होता. बातम्या माझ्याच. खुणासुद्धा माझ्याच, वैजापूरला मी हिरवा रंग ठेवला होता तोसुद्धा तसाच. मी दात खाऊन बसले होते. एवढं होणार हे मला ठाऊक होतं, त्याची तयारी करूनच आले होते.

मग तो म्हणाला, “आता फिल्डवरचा एक आवाज ऐकवतो. एका गायरानधारक महिलेच्या शब्दांत.” आणि खेडवळ आवाज काढून त्यानं वाचलं, “ह्या जमिनीचा दुसरा कोण हाय ते दाखव म्हणावं, मी आत्ता उठते.”

हॉल हसला. चांगलं, कौतुकाचं हसला. बाहेरगावहून आलेले परीक्षक म्हणाले, “वा! काय अस्सल बोली आहे! हे पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी पाय झिजवावे लागतात.” सरांनी मान डोलावली. तो पुढं वाचत गेला. आईचीच वाक्यं, एकामागून एक, प्रत्येकाखाली ‘माहितगार महिला’.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. “या बाई तुम्हाला कुठं भेटल्या?”

त्यानं पडद्याकडे बघितलं. मग म्हणाला, “फिल्डवर. वैजापूर तालुक्यात.”

“त्यांचं नाव काय?”

आता त्याला पाठ असलेलं उत्तर सापडलं. “संशोधनाच्या नैतिकतेनुसार माहितगाराची ओळख गुप्त ठेवली आहे.”

परीक्षक खूश. “अगदी बरोबर. आजकाल एवढी काळजी कोण घेतं?”

“सर, ती माझी आई होती,” मी म्हणाले. “हे तिनं मला सांगितलं. माझ्या घरात. मी लिहून ठेवलं होतं.”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मी सरांकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. ते पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते. परीक्षकांनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंड भरून हसले. “अरे वा! म्हणजे तुमच्याच घरचा आवाज इथवर पोचला! मग तर तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे.” आणि टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या. त्याच्या काकांनी तर मागं वळून मला नमस्कारसुद्धा केला.

मी बाहेर पडले. जिन्यात त्यानं गाठलं. घाबरला होता, हे कबूल करायला हवं. “ताई, मला खरंच माहीत नव्हतं तुमच्या आई होत्या म्हणून. मला वाटलं, तुम्ही बायांना आई म्हणता, तसं असेल.”

“बाकीच्या टिपा कुठं आहेत?”

“कोणत्या?”

“पोटाच्या. सरपंचाच्या सासूच्या. मेथीच्या.”

त्याला काही बोध होईना. “त्या कामाच्या नव्हत्या ना ताई. त्या तेव्हाच काढल्या.”

मी त्याच्या तोंडावर थुंकले नाही, एवढंच. बाकी जे तोंडात आलं ते बोलले. जिन्यातल्या पोरी थांबून ऐकत होत्या. त्यानं मान खाली घातली, पण ऐकून झाल्यावर हार सारखा केला आणि वर जेवायला गेला.

माझा प्रबंध या उन्हाळ्यात पुरा होत आला. एका प्रकरणात मी आईचं ते वाक्य घातलं, ‘माझी आई म्हणायची’ असं साफ लिहून. तिची आणखी काही वाक्यं त्याच्या प्रबंधातून परत उतरवून घेतली. माझ्याजवळ तेवढीच उरली होती. सादर करण्याआधी प्रकरणं ग्रंथालयात द्यावी लागतात, उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायला. दोन दिवसांनी बोलावणं आलं. बाकी सगळं स्वच्छ होतं. आईच्या ओळी तेवढ्या लाल. बाजूला स्रोत म्हणून त्याचा प्रबंध, त्याचं नाव.

“मॅडम, एवढं तुमचं नाही,” तिथले गृहस्थ म्हणाले. भले माणूस होते, खुर्ची दिली, पाणी दिलं. “हे आधीच आलेलं आहे. एक तर काढून टाका, नाहीतर खाली त्यांचा संदर्भ द्या.”

“अहो, ती माझी आई आहे.”

“असेल मॅडम. पण नोंद त्यांच्या नावावर आहे.”

काढून टाकलं तर माझ्या प्रबंधात आई नाही. ठेवलं तर ती त्याची. घरी गेले, लॅपटॉप उघडला आणि त्या लाल ओळीसमोर बसले. शिव्या दिल्या, त्याला, सरांना, स्वतःलाही. मग तिच्या वाक्याच्या शेवटी एक बारीक आकडा टाकला आणि खाली, तळटिपेत, माझ्या हातानं त्याचं नाव लिहिलं.